आठ झाडांचा औसत

भुजंगला गावात भुजंग म्हणून हाक मारणारं फक्त सरकारी कागदपत्र उरलं होतं. बाकी सगळे त्याला औसतराव म्हणायचे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतली. तो तीन इयत्ता शिकला. त्यातल्या दोन मार खाण्यात गेल्या आणि तिसरीत मौलवीसाहेबांनी सरासरी काढायला शिकवली. त्यांच्या भाषेत ती औसत. पुढं शाळा सुटली, उर्दूही धुऊन निघाली, पण औसत त्याच्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. रोज किती भाकऱ्या खाल्ल्या, बैल किती वेळा शेपटी हलवतो, सासू एका दमात किती बोलते, सगळ्याचा औसत. बायको चतुराबाई म्हणायची, "लगीन माझ्याशी लागलं, पण नांदून राह्यलेत त्या औसताशी."

त्याचं काम आमरायांचं. कुंभार पिंपळगावच्या आसपास आमराया उभ्याच विकल्या जायच्या. पाड लागायच्या आधी व्यापारी येई, झाडांवर किती फळ आहे ते ठरे आणि तेवढ्या फळांचा सौदा होई. आता उभ्या झाडावरची फळं मोजायची म्हणजे वर चढून फांदी-फांदी हिंडायचं. एका झाडाला अर्धा दिवस जातो. चाळीस झाडं मोजून होईपर्यंत आंबे पिकून खाली पडायचे. म्हणून भुजंग काखेत मडकं घेऊन येई. मडक्यात झाडागणिक एक चिंचोका, चिंचोक्यावर त्या झाडाची कोरलेली खूण. मोठी आमराई असली तर दहा-बारा चिंचोके काढायचे, लहान असली तर चार. निघालेल्या झाडांवरची फळं मोजायची, त्यांचा औसत काढायचा, एकूण झाडांनी गुणायचा. झालं.

नेम एकच होता आणि तो त्याच्या बापापासून आलेला. चिंचोका काढला की खूण बघून परत मडक्यात टाकायचा, मडकं हलवायचं, मगच दुसरा काढायचा. ज्या झाडाचा चिंचोका बाहेर राहील ते झाड पुढच्या साली वांझ राहतं, अशी सगळ्या पंचक्रोशीची समजूत. त्यामुळे कधीमधी एकच झाड दोनदा यायचं. मग ते दोनदा धरायचं; चढून मोजायचं मात्र एकदाच. नेमाचा हा भाग भुजंगला विशेष आवडायचा.

बारा वर्षांत त्याचा अंदाज शेकड्यामागे सहा-सात फळांच्या वर चुकला नव्हता. आमराया मोठ्या असत, झाडं एका वयाची आणि एका अंगाची असत, त्यामुळे मडकं त्याला सांभाळून घेत होतं. लोकांना वाटे हा भुजंगचा गुण. पुढंपुढं भुजंगलाही तसंच वाटायला लागलं.

अडतीस सालच्या आधीचा हिवाळा त्या घरातला सगळ्यात चांगला हिवाळा होता. लेकरूबाळ नव्हतं, दुपारी काम नव्हतं. चतुराबाईचा धाकटा भाऊ मच्छिंद्र गावचे जमीनदार काकासाहेब यांच्या ओढ्याकाठच्या आमराईचा राखणदार होता. तिशीतला, बायको वारलेला रंडका गडी, दारातून आत येताना वाकायला लागेल एवढा उंच, आणि हसला की शेजारची कुत्री भुंकायची. आमराई आठच झाडांची: लाडू, गोट्या, शेंदऱ्या, खोबऱ्या, केळ्या, शेप्या, आंबट्या आणि म्हातारा. गेल्या साली कुठल्या झाडाची किती फळं उतरली ते मच्छिंद्रला तोंडपाठ होतं. लाडूची अठराशे, म्हाताऱ्याची जेमतेम तीनशे, बाकीची मधली.

"आठ चिंचोके करा," चतुराबाई म्हणाली. "आन एकदा नाही, लई खेपा काढू. बघू तुमचा औसत कुठंकुठं हिंडतो."

तिनं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं घरं आखली: तीनशेचं, चारशेचं, असं करत अठराशेपर्यंत. तांब्यात आठ चिंचोके घातले. ती चार चिंचोके काढी, दर वेळी परत टाकून. भुजंग औसत करी. जो येईल त्या घरात ती ज्वारीचा एक दाणा ठेवी. अशा दोनशे खेपा झाल्या. मग दुसरीकडं तशीच घरं आखून आणखी दोनशे खेपा. पण या वेळी निघालेला चिंचोका बाहेरच ठेवायचा, चारी निघून औसत झाला की मगच सगळे परत. मच्छिंद्र मधे बसून दाणे तोंडात टाकायचा. चतुराबाई त्याच्या हातावर चापट मारायची. "ऊठ रं, नऊशेच्या घरातलं खाऊन राह्यला तू!"

चार-पाच दुपारींनंतर जमिनीवर ज्वारीच्या दोन टेकड्या उभ्या राहिल्या. चतुराबाई अंगठाछाप. पण ती त्या टेकड्यांपुढं गुडघ्यांवर हनुवटी टेकून दोन्हीची टोकं बोटानं जुळवून पाहू लागली.

"अवं, टोक तर दोन्हीचं नऊशेवरच हाय," ती म्हणाली. "मंग ही पहिली अशी पसरट कामून?"

"आठाचा खरा औसत नऊशे हाय, म्हणून टोक तिथंच येणार."

"ते कळलं. पसरट कामून ते सांगा."

भुजंगनं डोकं खाजवलं. तेवढ्यात तिनंच सांगितलं. "परत टाकला की तोच लाडू पुन्हा येतो. दोनदा आला की समदं त्येच्याकडं झुकतं. म्हातारा दोनदा आला की समदं खाली बसतं. बाहेर ठिवला तर त्येला पुन्हा यायला वाटच न्हाई, दुसऱ्याला यावंच लागतं." मग तिनं पसरट टेकडीच्या कडेला, चौदाशे-पंधराशेच्या घरात एकटेच पडलेले तीन-चार दाणे बोटानं दाखवले. "आन हितं बघा, दुसरीकडं बाराशेच्या म्होरं एक बी दाणा न्हाई."

भुजंगनं हिशोब करून पाहिला. सगळ्यात मोठी चार झाडं एकदमच आली तरी औसत बाराशे. पुढं जाणं शक्यच नव्हतं. त्याच्या बापानं, आज्यानं, कुणीच हे कधी पाहिलं नव्हतं.

"मोठ्या आमराईत काय फरक पडत न्हाई," तो जरा गुर्मीत म्हणाला. "चाळीसात तोच तो पुन्हा कशाला येतो?"

"आन आठात?"

"आठात येतो," तो म्हणाला.

"लई हुश्शार हाय बा माझी अक्का," मच्छिंद्र म्हणाला. "पर दाजीचं मडकं चुकायचं न्हाई. ते बोलतं."

चैत्रात काकासाहेबांनी तीच आमराई विकायला काढली. तीर्थपुरीचे हुकमचंद शेट बैलगाडीनं आले. अर्धा गाव सावलीला जमला. झाडं गेल्या सालासारखीच लगडली होती. चतुराबाई भाकरी घेऊन आली होती, मडकं हलवायच्या आधी ती नवऱ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "आज बाहेर ठिवा."

भुजंगनं काकासाहेबांकडं पाहिलं. "काकासाहेब, आज चिंचोके बाहेर ठिवून बघावं म्हणतो."

"कामून? माझी झाडं वांझ करायचीत का?" काकासाहेब ओरडले. "बापानं घालून दिलेला नेम मोडतो होय रे?"

लोक हसले. भुजंगही हसला. पहिला चिंचोका लाडू. परत टाकला. दुसरा गोट्या. परत. तिसरा पुन्हा लाडू.

"लाडू दो बार?" हुकमचंद शेट म्हणाले.

"दोनदा आला तर दोनदा धरायचा, शेटजी. नेम हाय."

चौथा खोबऱ्या. मच्छिंद्र आणि भुजंग दोघंच वर चढले. लाडू अठराशे, गोट्या अकराशे, खोबऱ्या नऊशे. लाडू आणखी एकदा अठराशे. सगळे मिळून पाच हजार सहाशे, औसत चौदाशे, आठ झाडांची अकरा हजार दोनशे फळं.

चौदाशे म्हणताना भुजंगला घरच्या जमिनीवरची ज्वारीची पसरट टेकडी आठवली. दूर एकटे पडलेले ते दाणे त्याला दिसले. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण काकासाहेबांची छाती फुगली होती, शेट म्हणत होते, "बारा सालचा भरोसा हाय, भुजंगजी," आणि लोक आठ झाडांच्या आमराईकडं एखाद्या जहागिरीकडं पाहावं तसं पाहत होते. भुजंगनं तोंड मिटलं. चतुराबाईनं भाकरीचं फडकं सोडलं.

सव्वा महिना मच्छिंद्र आमराईतून हलला नाही. माकडं हाकली, वारं सुटलं त्या दिवशी पडलेली कैरी न् कैरी वेचून ठेवली. वैशाखात शेटचे गडी आंबे उतरवायचे झेले घेऊन आले. दोन दिवस उतरण चालली. मोजून सात हजार दोनशेच्या आत-बाहेर भरली.

चार हजार आंबे कमी.

चावडीवर माणसं जमली. हुकमचंद शेट तक्रारीच्या सुरात नव्हे, नवलाच्या सुरात बोलले. पण काकासाहेबांचा चेहरा काळा पडला होता. पाहुण्यासमोर त्यांचा शब्द चार हजार आंब्यांनी खाली आला होता. "औसतरावाचा अंदाज चुकत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे औंदा फळ जास्त व्हतं. व्हतं ते गेलं कुठं? राखणीला कोण व्हतं?"

सगळ्यांनी मच्छिंद्रकडं पाहिलं. एवढा मोठा गडी भिंतीला टेकून उभा होता, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"म्या एक बी फळ न्हाई नेलं," तो म्हणाला. "म्या तिथंच व्हतो. बिलकुल हललो न्हाई."

"मंग चार हजार आंबे उडून गेले का?" कुणीतरी म्हणालं.

मच्छिंद्र भुजंगकडं वळला. "दाजी, तुमीच सांगा आता."

सांगायला फार नव्हतं. लाडू दोनदा धरला होता. नेम पाळला नसता तर आकडा आठ झाडांना बाराशेच्या हिशोबानं नऊ हजार सहाशेच्या वर जाऊच शकला नसता, एवढं म्हटलं असतं तरी शेटच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माणूस हुशार होता. आपण घरी चारशे खेपा काढल्यात, लहान आमराईत आपलं मडकं असं भरकटतं हे आपल्याला माहीत होतं, हे म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे बारा वर्षांचा औसतराव त्याच चावडीवर खाली उतरवायचा. आणि माहीत असून गप्प का राहिलास, हे लगेच कुणीतरी विचारलं असतं.

"माझा अंदाज आजवर चुकला न्हाई," भुजंग म्हणाला.

आजवर म्हणजे या सौद्याच्या आधीपर्यंत धरलं, तर वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मच्छिंद्र त्याच्याकडं पाहत राहिला. रागानं नाही. कुणीतरी अवघड गणित घालावं आणि आपल्याला ते सुटू नये, तसा. मग त्यानं मान खाली घातली. काकासाहेबांनी त्याला राखणीवरून काढलं. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. त्याची गरजच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाया पाण्याला निघाल्या तेव्हा तो खांद्यावर घोंगडं टाकून परतूरच्या वाटेला लागला होता. बहिणीच्या दारावरून गेला, पण वाकून आत आला नाही.

चतुराबाईनं नवऱ्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नऊ दिवसांनी भुजंग काकासाहेबांकडं गेला आणि सगळं सांगितलं. काकासाहेबांनी पान लावत ऐकून घेतलं. "असंल," ते म्हणाले. "पर चोर नव्हता तर पळाला कामून?" तिथून तो तीर्थपुरीला चालत गेला. हुकमचंद शेटनं बसायला गादी दिली, पूर्ण ऐकलं, बोटांवर हिशोब केला. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "त्या दिवशी चावडीत बोलला असता तर मी तिथंच मानलं असतं, भुजंगजी. आता गडी कुठं शोधू?"

परतूरला, सेलूला, परभणीला भुजंग शोधून आला. गर्दीत उंच माणूस दिसला की त्याच्या मागं धावायचा. पुढच्या चैत्रात त्यानं आमरायांची बोलावणी नाकारली. लोक म्हणाले, मेव्हण्याच्या चोरीची लाज वाटून राह्यली त्याला. तेही त्याला खोडता आलं नाही.

चतुराबाई माहेरी गेली नाही. माहेरी आता होतं कोण? ती स्वयंपाक करी, वाढी, "मीठ हाय का," "पाणी तापलं," एवढं बोले. थट्टा बंद झाली. एका घरात दहा वर्षं माणसं किती कमी शब्दांत राहू शकतात, याचा औसत काढायचं मात्र भुजंगच्या मनात आलं नाही.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या भीतीनं गावातली दारं दिवस कलला की लागत. काही घरं सरहद्दीपलीकडं निघून गेली होती. अशात एका सकाळी धर्मराज नावाचा माणूस विचारत विचारत आला. नांदेडच्या गिरणीत तो मच्छिंद्रच्या शेजारी कामाला होता. त्यानं उंबऱ्यावर मच्छिंद्रचं घोंगडं ठेवलं. घोंगडं ठेवताना कुणाला काही सांगावं लागत नाही. तापानं गेला, महिना झाला होता.

चतुराबाई रडली नाही. धर्मराजला गूळ-पाणी देऊन समोर बसली. "गावाचं काय बोलायचा का?"

"लई न्हाई, बाई. एकदा बोल्ला." धर्मराज अवघडला. "म्हणला, माझ्या राखणीत चार हजार आंबे गेल्ते. म्या म्हणलं, खरंच गेल्ते का? तर म्हणला, म्या तर डोळा लावला नव्हता. पर दाजीचा औसत कधी चुकत न्हाई. म्हंजे माझाच डोळा लागला असंल. मलाच कळलं नसंल." त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "रात्री लई कमी झोपायचा तो, बाई. आमी हसायचो त्येला."

भुजंग खांबाशी बसून ऐकत होता. दहा वर्षं त्याला वाटत होतं, कुठंतरी एक माणूस आहे, ज्याला खरं माहीत आहे आणि जो आपल्याला शिव्या देत असेल. त्या शिव्यांवरच तो जगला होता. तसा माणूस नव्हताच.

धर्मराज गेल्यावर चतुराबाई म्हणाली, "गावाला सांगा."

तो चावडीवर गेला. सहा-सात जण होते. त्यानं लाडू दोनदा कसा आला ते सांगितलं, चिंचोका बाहेर ठेवला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. एकानं जांभई दिली. एका तरण्या पोरानं विचारलं, "मच्छिंदर कोण?" काकासाहेब दोन सालाखालीच वारले होते. घरी येऊन भुजंग म्हणाला, "मानलं समद्यांनी."

"समदे म्हंजे किती?"

"सहा-सात."

"गावात उंबरे किती?"

"एकशे बारा."

"त्या सहा-सातांवरून गावाचं ठरवून आले व्हय पुन्हा?" ती म्हणाली. दहा वर्षांतलं ते तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं. "घरोघर जा. एका उंबऱ्याला दोनदा न्हाई जायचं आन एक बी सोडायचा न्हाई."

भुजंग निघाला. लोकांना जीव कुठं लपवावा याची पडली होती आणि हा म्हातारपणाकडं झुकलेला माणूस दारोदार आठ झाडांचा हिशोब सांगत हिंडत होता. कुणी बसवून घेतलं, कुणी दारातूनच "बरं, बरं" म्हटलं. जिथं गोडीनं ऐकलं जाई तिथं पुन्हा जावंसं त्याला वाटे, पण रोज दिवस मावळायच्या आत चतुराबाई विचारी, "आज कुणाचे उंबरे?" आणि तिला सगळे लक्षात असत. कुलूप लागलेल्या घरांचंही तिनं सोडलं नाही. "भायेर हुबं राहून सांगा," ती म्हणाली. त्यानं कुलपांनाही सांगितलं.

बावीस दिवस लागले. शेवटच्या संध्याकाळी तो ओट्यावर येऊन टेकला. "झाले. एकशे अकरा."

"एक राह्यला."

तो उठला. स्वतःच्याच दाराबाहेर जाऊन उभा राहिला. चतुराबाई आत चुलीजवळ बसली होती. दहा वर्षांत हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक आहे, हेच त्याला पुरेसं वाटत आलं होतं. "मच्छिंदरनं आंबे न्हाई चोरले," तो म्हणाला. "लाडू दोनदा आल्ता. मला ठावं व्हतं. त्यानं मला इचारलं आन म्या गप राह्यलो. माझं नाव जाईल म्हणून."

चतुराबाईनं ऐकून घेतलं, गावानं ऐकलं तसंच. मग तव्यावरची भाकरी उलटली.

"त्येला सांगाया पायजे व्हतं," ती म्हणाली आणि पदराचा बोळा तोंडात धरून, दहा वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्यासमोर रडली. भुजंग आत आला नाही. कुणी ये म्हटलं नव्हतं.